ड्रममधल्या ओल्या कचऱ्याला घाण वास येते, काय करू?

प्रश्न – दारव्हा तालुक्यातली गृहिणी
आमच्या गावची घंटागाडी ओलं-सुकं सगळं एकत्र नेऊन नाल्याच्या काठावर रिचवते. गाई तिथं प्लास्टिकसकट खातात. म्हणून घरचा ओला कचरा तरी घरीच जिरवायचा ठरवला आणि जुन्या निळ्या ड्रममध्ये टाकणं सुरू केलं. भाजीची देठं, कांद्याची टरफलं, चहापत्ती, शिळी भाकर, उरलेलं वरण. आता तळाशी काळं पाणी साचलं. झाकण उघडलं की नाकाला पदर लावावा लागते, वर पांढऱ्या अळ्या. सासूबाई म्हणतात, उकिरड्यावर नेऊन टाक. मला सोडायचं नाही. काऊन होत असेल असं?

पुसदकडचा शेतकरी
ताई, सोडू नका. नाल्यावर ढिगाखाली दबलेला कचरा हवेविना सडते, त्यातून मिथेन निघते. तुमच्या ड्रममध्येही हवाच नाही, म्हणून वास. ओल्या कचऱ्यात नत्र म्हणजे नायट्रोजन जास्त. कुजवणाऱ्या जिवाणूंना एका भाग नत्रामागे 25 ते 30 भाग कर्ब म्हणजे कार्बन लागते, आणि ते आपल्याकडं वावरात फुकट पडून आहे : पऱ्हाटी म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, तुराट्या, सोयाबीनचं कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा. लोक धुऱ्यावर पेटवून देतात, पाहून जीव तुटते.

ड्रम रिकामा करा. तापलेल्या सळाखीनं तळाला आणि चौफेर भोकं पाडा, विटांवर ठेवा. तळाशी वीतभर पऱ्हाटीचे तुकडे. मग एक टोपलं ओलं, त्यावर दोन टोपले सुकं म्हणजे हेच कुटार-पऱ्हाटी, वरून थोडं जुनं शेणखत. नुसतं कुटार नका टाकू. ते भिजलं की गच्च बसते, हवा पुन्हा बंद. बोटाएवढे पऱ्हाटीचे तुकडे मिसळले की पोकळी राहते. पऱ्हाटीवरची न उमललेली बोंडं मात्र आधी तोडून नष्ट करा, गुलाबी बोंडअळी त्यातच दडून राहते.

ओल पाहायची तर मूठभर घेऊन दाबा. हात ओला व्हावा, पाणी गळू नये. मधूनमधून काठीनं खालवर करत राहा. तीनचार महिन्यांत काळं, भुरभुरीत खत होते.

जागा असेल तर शेजारच्या दोनचार घरांनी मिळून नाडेप टाकं बांधा. आमच्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांची ही पद्धत, नाडेप हे नावही त्यांच्यावरूनच. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, विटांच्या भिंतीत हवेसाठी भोकं सोडलेली. शेण थोडंच लागते, काडीकचरा आणि माती जास्त.

मोर्शीहून
अळ्यांना भिऊ नका, ताई. चपट्या, करड्या, जाड असल्या तर फायद्याच्या, कचरा भराभर खातात. कोंबड्या असतील तर त्यांना टाका. बारीक पांढऱ्या असल्या तर घरमाशीच्या, वर सुक्याचा जाड थर दिला की कमी होतात. वरण आणि मटणाची हाडं नका टाकू, उंदरं येतात. भाकर ढोराला घाला.

दारव्ह्याची गृहिणी
कुटार घरीच आहे, आजच भोकं पाडायला लावते. मे महिन्यात वाळून नाही का जाणार? आणि संत्र्याची सालं चालतात का?

पुसदकडचा शेतकरी
वाळते, आणि वाळलं की कुजणं थांबते. कडुलिंबाच्या सावलीत ठेवा, वर ओलं पोतं टाका, भांडी खंगाळलेलं पाणी शिंपडा, साबणाचं नको. सालं चालतात, फक्त बारीक तोडा आणि एका ठिकाणी ढीग नका करू.