दुह् चं दुग्ध झालं, मग 'ह' कुठं गेला?

गंगावेसकर:
काल कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर ग्लास घेऊन उभा होतो, समोर म्हशीची धार काढायचं चाललेलं आणि शेजारी आमची दहावीतली लेक. म्हणाली पप्पा, दूध दुह् म्हणजे धार काढणं ह्या धातूवरनं आलंय, दुह् ला त लावला की दुग्ध, मग ह गेला कुठं आणि ग न ध आले कुठनं? मी गप मिशीचा फेस पुसला. सांगा राव कुणीतरी, घरात इज्जत राहिली पायजे.

जुना मास्तर:
ह गेला न्हाई, तो मुळातच घ. पाणिनीचं सूत्र आहे 8.2.32, द नं सुरू होणाऱ्या धातूतल्या ह चा घ. मग दुघ् + त, घ म्हणजे ग अधिक ह, त्यातला हकार पुढच्या त वर जाऊन बसतो, त चा होतो ध आणि मागं उरतो ग. दह् चं दग्ध तसंच. कामदुघा, म्हणजे इच्छा पुरवणारी गाय, म्हणताना तो घ अजून ऐकू येतो की. गीतेत 3.10 ला त्याच अर्थाचं कामधुक् आहे, तिथं हकार उलटा मागं सरकून द चाच ध करून बसला. आणि 'तू धार काढतोस' ला धोक्षि! ह्या रूपावर निम्मा वर्ग आडवा व्हायचा.

म्हसोबा_करवीर:
दुग्ध, दुद्ध, दूध हे कळलं. पण दुभती म्हैस म्हणतो त्यातला भ कुठला वो सर?

जुना मास्तर:
लाख मोलाचं विचारलंस. प्राकृतात दुह् चं कर्मणी रूप दुब्भइ, म्हणजे 'दोहली जाते', 12 व्या शतकात व्याकरणकार हेमचंद्रानं नोंदवून ठेवलंय, त्यातनं आपलं दुभणं. म्हणून तर म्हैस दुभते, गवळी दुभत न्हाई, गवळी धार काढतो.

म्हसोबा_करवीर:
आयला, जन्म गेला गोठ्यात पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं 🙏

रंकाळा_काठ:
मग दुहिता, म्हणजे लेक, ती धार काढणारी, असंच ना?

जुना मास्तर:
जुन्या काळी शब्दांची मुळं सांगणाऱ्या यास्कानं तीन वाटा दिल्यात: दुर्हिता, म्हणजे जिचं हित करणं अवघड; दूरे हिता, म्हणजे लांब असलेलीच बरी; नायतर दुह् वरनं. फारसी दुख्तर, इंग्रजी डॉटर ही सगळी एकाच घरची, पण धार काढण्याशी नातं आहे का ह्यावर भाषावाल्यांचं अजून जमलेलं न्हाई.

गंगावेसकर:
लेकीला वाचून दाखवलं. म्हणाली पहिल्या दोन वाटा कॅन्सल, तिसरी चालंल, पण उद्या पहाटे गोठ्यात तुम्हीच जायचं.