माळ्यावर सापडलेला मामाचा टीव्ही गेम: लाल लाईट लागते पण चित्र येत नाही

माटोळी_८९

नमस्कार मंडळी, मी पेडण्याचा. गेल्या आठवड्यात माळा आवरताना आमचा जुना टीव्ही गेम सापडला, तोच लाल-पांढरा, दोन रिमोट वायरीने जोडलेले आणि वर कॅसेट घालायची खाच. मामा तेव्हा जहाजावर होता, त्याने १९९३ च्या गणेश चवथीला आणला होता, आणि त्या पाच दिवसांत आरती संपली रे संपली की आम्ही नऊ भावंडं रांग लावून बसायचो, एकाची लाईफ गेली की रिमोट पुढच्याच्या हातात. मामा आता नाही. या चवथीला बऱ्याच वर्षांनी सगळी एकत्र येतायत, एक भाऊ कॅनडाहून येतोय, म्हणून हा एकदा तरी हॉलमध्ये चालू करून दाखवायची फार इच्छा आहे.

अवस्था सांगतो. मूळचा एलिमिनेटर (प्लगात लावायचा अडॉप्टर) हरवलाय. म्हापशाहून वेगवेगळ्या व्होल्टचा मिळतो तो जड एलिमिनेटर आणला, ९ व्होल्टवर ठेवला, त्यात पिन उलटसुलट करायची सोय आहे, एका बाजूने काहीच झालं नाही आणि दुसऱ्या बाजूने लाल लाईट लागली. पिवळी वायर एलसीडी टीव्हीला लावली की टीव्हीवरचं नो सिग्नल जातं, स्क्रीन काळी होते आणि मधूनमधून आडवे पट्टे सावकाश वर सरकत जातात. कॅसेट काढून घालून झाली, फुंकर मारून झाली. एका रिमोटचं ए बटण मेलंय. बॉडी पार पिवळी पडलीय. आणि एक, डब्याचे स्क्रू काढून आत बघितलं तर सुक्या बांगड्यांचा वास येतो, शेजारीच आईचा पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीचा डबा असायचा त्यामुळे असेल, तो वास कशाने जाईल? सोल्डरिंग कधी केलेलं नाही पण शिकायची तयारी आहे.

---

फोंड्याचा_टीव्हीवाला

ऐक बाब, तो वास बांगड्याचा नाही. तो कपॅसिटर गळल्याचा वास आहे. आतलं रसायन बाहेर आलं की अगदी सुक्या मासळीसारखा वास मारतं, मी तीस वर्षं टीव्ही रिपेअर केले, पाठीमागचं झाकण काढलं की नाकालाच आधी कळायचं. आता पहिली गोष्ट म्हणजे परत परत चालू करून बघू नकोस, प्लग काढून ठेव.

तुझ्याकडे जे आहे ते निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम या टीव्ही गेमची कॉपी आहे. मूळ मशीन जपानात १९८३ ला आलं आणि आपल्याकडे गल्फमधून, बोटीवरून आल्या त्या जवळजवळ सगळ्या त्याच्याच कॉप्या. बोर्ड बघ, त्यावर चाळीस पायांच्या दोन लांब चिप दिसतात की एकच काळा डांबराचा थेंब? दोन चिप असतील, वर यूए६५२७पी आणि यूए६५३८ असं काही लिहिलेलं असेल, तर ते जुनं चांगलं काम आहे, एक चिप हिशेब करते आणि दुसरी चित्र काढते. थेंब असेल तर सगळं त्या एकातच भरलेलं, तो गेला तर हात टेकायचे. पण तुझं नो सिग्नल जातंय ना, म्हणजे टीव्हीला सिंक, चित्र जुळवायचा सिग्नल, मिळतोय, म्हणजे चित्राची चिप जिवंत आहे, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

एका बाजूने काहीच झालं नाही म्हणालास, ते तुझं नशीब. आत डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट, आहे म्हणून वाचलास, नसता तर उलट्या पिनेने कपॅसिटर आणि रेग्युलेटर दोन्ही गेले असते. आता ती पिन त्या सुलट बाजूने ठेवून चिकटपट्टी मारून टाक म्हणजे पुन्हा कोणी फिरवणार नाही.

आता मल्टिमीटर घे, साधा डिजिटल चालेल, आणि मोजण्यापुरताच प्लग लाव. बोर्डावर तीन पायांचा ७८०५, म्हणजे स्थिर ५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर असेल, पत्र्याच्या तुकड्याला स्क्रूने बसवलेला. नंबर लिहिलेली बाजू तुझ्याकडे केलीस की डावा पाय आत येणारा, मधला ग्राउंड, उजवा बाहेर जाणारा ५ व्होल्ट. मीटरची काळी प्रोब (वायरीचं टोक) मधल्यावर, लाल आधी डावीकडे मग उजवीकडे, आणि प्रोब दोन पायांना एकदम लागू देऊ नकोस. उजवीकडे ४.७५ ते ५.२५ मध्ये हवं. ७८०५ ला ५ काढायला आत निदान ७ तरी लागतात, आणि हे जड एलिमिनेटर म्हणजे आत नुसता ट्रान्सफॉर्मर आणि डायोड, त्यातून येणारं करंट लाटांसारखं वरखाली होतं. त्या लाटा सपाट करायचं काम मोठा कपॅसिटर करतो. तो सुकला की प्रत्येक लाटेच्या खाली रेग्युलेटरला ७ मिळत नाहीत आणि मग चित्रावर पट्टे चढतात. तुझ्या सरकणाऱ्या पट्ट्यांचं कारण माझ्या मते हेच. एलिमिनेटरची वायर जिथे आत शिरते त्याच्या शेजारीच १००० मायक्रोफॅरॅड १६ व्होल्ट लिहिलेला कपॅसिटरचा उभा डबा असेल, त्याच्या बुडाशी तपकिरी डाग बघ.

मीटरचं काय येतं ते लिही, मग पुढचं सांगतो.

---

दर्यावर्दी

मध्येच एक सांगून ठेवतो कारण इथे बऱ्याच जणांच्या घरी बोटीवरून आलेलं सामान आहे. माझ्याकडे खरा जपानी फॅमिकॉम आहे, मी स्वतः आणला आणि घरी येऊन त्याचा जपानी अडॉप्टर सरळ आपल्या प्लगात घातला. तिकडे १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. दोन मिनिटांत अडॉप्टरमधून धूर. मशीन वाचलं हे देवाचीच कृपा. मूळ अडॉप्टर १० व्होल्ट ८५० मिलीअँपचा आणि आतली टीप निगेटिव्ह असते, आपल्या राउटरच्या अडॉप्टरांची बहुतेक आतली टीप पॉझिटिव्ह असते, तर तो कोणी लावू नका. शिवाय खऱ्या फॅमिकॉमला पिवळी-पांढरी वायर लावायची सोयच नाही, फक्त अँटेनाचं आउटपुट आणि तेही जपानच्या चॅनेलवर, त्यामुळे आपल्या टीव्हीवर बघायचं तर आतून एव्ही काढावं लागतं. या बाबतीत तुमची कॉपी बरी.

---

माटोळी_८९

टीव्हीवाले काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. दोन लांब चिप आहेत, ६५२७पी वाचता येतंय. मीटर शेजाऱ्यांचा आणला. डावीकडे ७.३, उजवीकडे ४.४ आणि आकडा स्थिर राहतच नाही. कपॅसिटरच्या बुडाशी चिकट तपकिरी आहे आणि नाक जवळ नेलं तर वास तिथूनच येतोय. आईला सांगितलं तर ती म्हणाली बघ, उगाच माझ्या बांगड्यांवर आळ घेत होतास.

आणि कॅसेटच्या खाचेत टॉर्च मारून बघितलं, पिनांवर हिरवं-हिरवं आहे, तांब्याच्या जुन्या भांड्याला चढतं तसं. यालाही काही करायचं का? मी कॅसेटच्या पट्ट्या खोडरबरने घासणार होतो, यूट्यूबवर बघितलं.

---

बायपास_कपॅसिटर

वास्कोहून लिहितेय, कॉलेजपासून हेच करते, गेम गिअरपासून प्लेस्टेशनपर्यंत घरात बरंच काही आहे. माटोळी, खोडरबर खाली ठेव. निदान पहिल्या फेरीत नको. रबरात बारीक कच असते, ती पट्टीवरचा पातळ मुलामा खरवडते, आणि रबराचा चुरा कॅसेटबरोबर खाचेत जाऊन बसतो. कॉपीच्या कॅसेटांवर तर मुलामा आधीच नावाला. फुंकर तर कायमची सोडून द्या सगळ्यांनी. तोंडातली वाफ पिनांवर बसते, कॅसेट चालल्यासारखी वाटते ती फुंकरीने नाही तर ती काढून पुन्हा घातल्यामुळे पिना घासल्या जातात म्हणून. निन्टेन्डो स्वतः फुंकू नका सांगायची.

मी करते ते असं. ९९ टक्क्यांचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणायचं, सर्जिकल स्पिरिट नाही, त्यात पाणी असतं. कॅसेटच्या पट्टीला कानातल्या काडीने लावायचं, काडी काळी होते, नवी घ्यायची, पांढरी येईपर्यंत. खाचेसाठी जुनं एटीएम कार्ड घे, त्याला गंजीफ्रॉकचा तुकडा एक वेढा गुंडाळ म्हणजे जाडी साधारण कॅसेटच्या पट्टीएवढी होते, तो आयपीएत ओला कर आणि सरळ वरून खाली, सरळ खालून वर, वीसेक वेळा. आडवं फिरवायचं नाही, पिन वाकते. साठ पिना असतात, दोन ओळींत तीस-तीस. टॉर्च धरून त्या दोन्ही ओळी एकेक करून बघ, एखादी बाकीच्यांपेक्षा आत गेलेली दिसली तर शिवणाच्या सुईने अलगद पुढे ओढायची. हिरवं तेवढ्याने नाही गेलं तर तिथेच पांढरं व्हिनेगर काडीने लावायचं, दोन मिनिटांनी डिस्टिल्ड वॉटर, मग पुन्हा आयपीए, मग एक रात्र पंख्याखाली. प्लग काढलेला असू दे आणि आयपीए पेट घेतं म्हणून देवघराजवळ, गॅसजवळ बसू नको.

हिरवं का चढतं तर आपली हवा. समुद्रापासून आपण कोणीच लांब नाही, जून ते सप्टेंबर भिंतींना घाम येतो, त्यात माळा म्हणजे मे महिन्यात कौलाखाली भट्टी आणि पावसात दमट. मी माझी मशीनं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिकाच्या मोठ्या पुड्या टाकून ठेवते आणि दर पावसाच्या आधी पुड्या गरम करून सुकवते.

बॉडीच्या पिवळेपणाचं. एबीएस प्लास्टिकमध्ये आग लागू नये म्हणून ब्रोमिनची द्रव्यं घालायचे, उन्हाने आणि काळाने प्लास्टिक पिवळं पडतं, त्याचं एक कारण ते सांगतात. पार्लरवाले वापरतात ती १२ टक्क्यांची पेरॉक्साईड क्रीम लावून, वर प्लास्टिक गुंडाळून उन्हात ठेवलं की पांढरं होतं हे खरं, मीही केलंय. पण चवथीच्या तोंडावर करू नको. श्रावणात ऊन धड मिळत नाही, क्रीम एका जागी सुकते आणि ढगांसारखे डाग उठतात जे मग जात नाहीत. आणि काही वर्षांनी पुन्हा पिवळं होतंच. मला विचारशील तर मामाचं मशीन पिवळंच राहू दे, साबणाच्या कोमट पाण्याने नुसती बॉडी धू, बोर्ड वेगळा काढून. थिनर, पेट्रोल अजिबात नको, प्लास्टिक वितळतं.

---

फोंड्याचा_टीव्हीवाला

ताईंचं खोडरबराबद्दल मी पूर्ण मानत नाही, आम्ही रिमोटचे आणि ट्यूनरचे कॉन्टॅक्ट मऊ पांढऱ्या रबरानेच केले आणि वर्षानुवर्षं चालले. पण कॅसेटच्या बाबतीत त्या म्हणतात तसं आयपीए आधी, हे बरोबर.

कपॅसिटर बदल. डब्यावर जेवढे मायक्रोफॅरॅड तेवढेच घ्यायचे, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १६ च्या जागी २५ चा घे, पाच-दहा रुपयांचा फरक. जुना काढण्याआधी फोटो काढ. अंगावरची उभी पट्टी म्हणजे निगेटिव्ह, ती कुठल्या बाजूला होती हे चुकलास तर फुटतो. २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, ६०-४० ची (कथील-शिसं) सोल्डर तार. आधी कुठल्यातरी मेलेल्या रेडिओच्या बोर्डावर दहा-बारा पार्ट काढून-लावून हात बसव, मगच मामाच्या बोर्डाला हात लाव. जुना पाय निघत नाही तेव्हा नवशिक्या माणूस ओढतो आणि खालची तांब्याची पट्टी उचकटून येते. ओढायचं नाही. दोन्ही पायांवर थोडी नवीन तार वितळव, म्हणजे जुना सोल्डर सुटतो, मग एक पाय गरम करून डबा किंचित कलवायचा, दुसरा गरम करून उलट कलवायचा, तीन-चार वेळा केलं की आपोआप हातात येतो. खालचं चिकट आयपीएने स्वच्छ कर आणि पट्टी कुठे खाल्ली गेलीय का ते मीटरच्या बीपने तपास. ५ व्होल्टच्या बाजूलाही एक छोटा डबा असेल, तोही त्याच वयाचा, तोही बदलून टाक.

---

माटोळी_८९

चार दिवस लागले पण लिहितो. काकांनी सांगितलं तसं जुन्या टेपच्या बोर्डावर दोन संध्याकाळी सराव केला, पहिले पाच-सहा सांधे राखेसारखे फिके झाले, मग चमकायला लागले. दोन्ही कपॅसिटर बदलले. आता डावीकडे १०.१ आणि उजवीकडे ४.९८, आकडा हलत नाही. पट्टे गेले! पण कॅसेट घातली तर नुसती राखाडी स्क्रीन.

मग खाच ताईंच्या पद्धतीने धुतली. कापड तीनदा हिरवट-काळं निघालं. डावीकडून सातवी पिन बाकीच्यांपेक्षा केसभर आत होती, बहुतेक आमच्यापैकीच कोणीतरी रागात कॅसेट तिरकी उपटली असणार. सुईने पुढे घेतली. कॉन्ट्रा या गेमची कॅसेट लावली तर आवाज बरोबर, माणूस पळतोय, पण झाडांच्या जागी आकडे आणि चौकोन. इथपर्यंत आलोय, आता काय?

---

बायपास_कपॅसिटर

अरे वा, म्हणजे आलंच! आवाज आणि हालचाल बरोबर म्हणजे प्रोग्रामच्या ओळी लागल्या, चित्रांच्या ओळींपैकी एखादी पिन अजून नीट टेकत नाही. चिप गेली असं लगेच धरू नको. दुसरी कॅसेट लावून बघ, तिथे चित्र चांगलं असेल तर दोष कॉन्ट्राच्या पट्टीवर, तिला पुन्हा आयपीए. दोन्हीकडे तसंच आलं तर खाच पुन्हा.

ए बटणासाठी रिमोट उघड, रबराच्या खाली काळी गोल टिकली असते ती झिजते. टिकली आणि बोर्डावरची काळी नक्षी दोन्ही आयपीएने हलक्या हाताने पूस, जोर लावलास तर नक्षीच निघेल. तरी नाही लागलं तर टिकलीवर ६बी पेन्सिल गडद फिरव. कामचलाऊ आहे, पण चवथ निघून जाईल.

---

माटोळी_८९

दोष कॉन्ट्राच्या कॅसेटचा होता. मारिओ पहिल्या झटक्यात स्वच्छ, आकाश एकदम निळं. काल रात्री साडेअकराला आईला उठवून दाखवलं, ती मामाचं नाव घेऊन थोडा वेळ तिथेच बसली आणि मग म्हणाली आवाज वाढव.

काका, ताई, दर्यावर्दी, देव बरें करूं. बॉडी पिवळीच ठेवतोय. पेन्सिल चालली, ए बटण आता उडी मारतं.

एकच राहिलं. सोबत बंदूक पण आहे, बदकं मारायची. एलसीडीवर एकही बदक मरत नाही.

---

फोंड्याचा_टीव्हीवाला

एलसीडीवर नाही मरणार, बंदूक चांगली असली तरी. ट्रिगर ओढला की स्क्रीन क्षणभर काळी होते, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड त्याच क्षणी शोधतो. तिला डबा टीव्हीच्या ट्यूबचा उजेड लागतो, एलसीडी तेवढ्या वेळेत देत नाही. माझ्याकडे २१ इंची डबा टीव्ही पडून आहे, चालू आहे, दोन माणसं लागतील उचलायला. चवथीच्या आधीच्या रविवारी गाडी घेऊन ये. पण त्याचं मागचं झाकण घरी कोणी उघडायचं नाही, ट्यूबमध्ये प्लग काढल्यावरही शॉक राहतो.