महिन्याचं बजेट हे मुळातच खोटं असतं, पटतंय का बघा

घरकारभारीण (डोंबिवली)
विषय साधाच आहे पण यावरून आमच्या घरात तीनदा वाजलंय म्हणून इथे टाकतेय. मी अकरा वर्षं घरखर्चाची वही लिहिली. दूध, भाजी, किराणा, लाईट बिल, मेंटेनन्स, पास, सगळं तारीखवार. आणि तरी दरवर्षी जून आला की आमच्याकडे तोच संवाद, "पैसे गेले कुठे?" वही काढावी तर वहीत सगळं बरोबर. हातात मात्र काही नाही.

यंदा मे मध्ये वही वेगळ्या पद्धतीने वाचली. रोजचं सगळं सोडून दिलं आणि वर्षातून एकदा नाहीतर दोनदाच येणारे खर्च तेवढे कागदावर उतरवले. शाळेची फी जूनला ३४ हजार नि दिवाळीनंतर परत ३४, वह्या-पुस्तकं-गणवेश-दप्तर-रेनकोट ११, जानेवारीत टर्म विमा आणि मेडिक्लेम मिळून ३१, गणपतीला गावी जाणं-येणं नि तिथला वाटा १४, दिवाळी बोनस-फराळ-कपड्यांसकट १८, मे मधलं वर्षाचं धान्य आणि मसाला १६, लग्नं-मुंजींचे आहेर १२, घरपट्टी ६, स्कूटरचा विमा-सर्व्हिसिंग ५, आणि मिक्सर-फ्रिज-नळ अशी मोडतोड १५. बेरीज १ लाख ९६ हजार. बाराने भागलं तर महिन्याला १६ हजार ३०० रुपये. आमची मिळकत ह्यांचे ५८ आणि माझ्या ट्यूशनचे साधारण १३, म्हणजे ७१. त्यातला घराचा हप्ता २४ हजार शंभर. म्हणजे मी अकरा वर्षं ४७ हजारात घर चालवतेय असं समजत होते आणि खरे होते ३० हजार सहाशे.

म्हणून माझं मत असं की महिना हे मापच चुकीचं आहे, घर वर्षावर मोजायचं. माझी आजी वर्षाचे गहू भरायची, वर्षाचं तिखट कुटायची, तिला हे कळत होतं. पगार महिन्याला यायला लागला आणि आपण डोक्यानेही महिन्याचे झालो.

अजून एक. २०२० मध्ये ह्यांचा पगार आठ महिने निम्मा येत होता आणि आम्ही त्यातही तरलो. तेव्हा मला वाटलं माझी काटकसर. आता वही बघितली तर रोजचा खर्च फारसा कमी झालाच नव्हता, उलट किराणा वाढला होता. कमी झालं ते हे वर्षाचं. लग्नं नाहीत, गाव नाही, मुलाचा गणवेश नाही. आणि हप्ता सहा महिने थांबवला होता, त्याचं व्याज मुद्दलात चढलं ते वेगळंच, ते अजून फेडतोय.

जमाखर्च१९८१
ताई, मांडणी चांगली आहे पण निष्कर्ष पटला नाही. मी नोकरीत होतो तेव्हापासून वही लिहितो, ३४ वर्षं झाली, रोज रात्री जेवण झाल्यावर. माझा अनुभव असा की घर बुडतं ते फीने नाही. फी दिसते, तिची भीती असते, माणूस कुठून तरी उभी करतो. बुडतं ते न दिसणाऱ्याने.

मुलाच्या फोनवरून एका महिन्याचं यूपीआयचं स्टेटमेंट काढायला लावलं. १४३ नोंदी. एकूण ११,७०० रुपये. त्यातल्या ६१ नोंदी शंभर रुपयांच्या आतल्या. त्याला विचारलं हे ४० रुपये कसले, तर आठवेना. नोट मोडताना हाताला कळायचं, आता फक्त टिंग वाजतं. वर्षाचं माप धरलं की असल्या ४० रुपयांना कोण विचारणार? लाखाच्या बेरजेत चाळीस म्हणजे किस झाड की पत्ती. वही बंद करू नका एवढंच सांगतो.

घरकारभारीण
काका, वही बंद केली असं मी म्हटलंच नाही. पण तुमच्या ६१ नोंदी जास्तीत जास्त धरल्या तरी सहा हजार शंभरच्या आत. मी भाजीवाल्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालत होते नि पलीकडून १६ हजार न मोजता जात होते, याचा राग आहे माझा.

ट्रेकर_अनलिमिटेड
याला सिंकिंग फंड म्हणतात, जगभर करतात लोक. ५०-३०-२० चा रूल लावा, अर्धे गरजांना, ३० टक्के हौसेला, २० सेव्हिंगला, आणि ते १६ हजार पगाराच्या दिवशीच ऑटो डेबिटने लिक्विड फंडात (हवे तेव्हा पैसे काढता येतात असा म्युच्युअल फंड) टाका. अ‍ॅप आहेत, वहीची गरजच नाही. बाय द वे जानेवारीचा ३१ हजारांचा आकडा परत बघा, सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक टर्म आणि हेल्थ इन्शुरन्सवरचा १८ टक्के जीएसटी काढून टाकलाय.

घरकारभारीण
जीएसटीचं लक्षात नव्हतं, थँक्यू. कंपनीने मूळ हप्ताच वाढवला नाही म्हणजे मिळवलं. बाकी तुमच्या रूलचं म्हणाल तर आमचा एकटा घराचा हप्ता ३४ टक्के आहे, त्यात किराणा, लाईट, सासूबाईंची औषधं मिळवली की गरजांचेच सत्तरच्या वर. हौसेचे ३० टक्के कुठल्या घरात असतात ते एकदा दाखवा, बघायला येते.

मीटरडाऊन (नाशिक)
वाचून हसू आलं आणि थोडं वाईटपण वाटलं. आमच्याकडे महिना पण नाही आणि वर्ष पण नाही. मालक रिक्षा चालवतात. संध्याकाळी घरी आले की खिसा टेबलावर रिकामा करायचा, गॅसचे बाजूला, रिक्षाच्या हप्त्याचे बाजूला, राहिले ते घर. कधी ९०० राहतात, पाऊस लागला की ३००, एक दिवस टायर फुटला तर उलटे आमचेच जातात. यात वर्षाचे १ लाख ९६ हजार आधी लिहून काढायचे म्हणजे त्या रात्री झोप येणार नाही. तुमची पद्धत ठरलेल्या पगाराची आहे ताई, राग मानू नका.

आमची फी निघते ती पिग्मीवर. पतपेढीचा माणूस रोज सात वाजता दारात उभा, दीडशे रुपये, दिवस कसाही असो. व्याज म्हणाल तर नावाला. पण तो दारात येतो हेच त्याचं व्याज. बँकेत जाऊन टाका म्हटलं असतं तर आजपर्यंत एक रुपया पडला नसता. आणि लाडक्या बहिणीचे १५०० माझ्या खात्यात येतात ते मी घरात सांगूनसुद्धा काढत नाही, कधी वेळेवर येतात कधी दोन महिन्यांचे एकदम, म्हणून ते धरायचेच नाहीत हिशोबात.

स्पष्ट_बोलू_का
आता मूळ प्रश्न कोणीतरी विचारा. हे सगळं बजेट बायकोचं. त्यात नवऱ्याच्या फोनचा हप्ता आहे? मित्रांच्या पार्ट्या आहेत? यादीत आहेर आहे, गणपती आहे, सासूबाईंची औषधं आहेत. स्वतःचं काय आहे ताई, एक ओळ तरी? आमच्याकडे दहा वर्षं मी वही लिहिली आणि दर महिनाअखेरीला ती माझ्याच विरोधात पुरावा म्हणून वापरली गेली. "हे बघ, ब्लाऊज शिलाई ६५० दोनदा." त्या दिवशी वही रद्दीत टाकली. आता दोघांची खाती वेगळी, मिळकतीच्या प्रमाणात एका तिसऱ्या खात्यात टाकतो, उरलेल्याचा हिशोब कोणी कोणाला मागत नाही. वर्ष की महिना यापेक्षा लेखणी कोणाच्या हातात आणि जाब कोण विचारतो ते महत्त्वाचं.

जमाखर्च१९८१
खाती वेगळी केली की घर म्हणजे भाड्याने राहणारे दोघं. आमच्या वेळी असं नव्हतं.

स्पष्ट_बोलू_का
तुमच्या वेळी काकूंना तुमचा पगार किती ते माहीत होतं का?

जमाखर्च१९८१
… १९९४ पर्यंत नाही. त्यानंतर माहीत होता.

स्पष्ट_बोलू_का
खरं बोललात, याचं कौतुक आहे. मनापासून.

उसाचा_पाला (सांगली)
वर्षाचं बजेट कसं असतंय ते आमच्याकडं येऊन बघा. आमचं दुसरं काही नसतंयच. ऊस तुटून जातोय, कायद्यानं चौदा दिवसात एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव) मिळायला पाहिजे, येतंय हप्त्या-हप्त्यानं. एकदा बिल जमा झालं की त्यातनं गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज, खतवाल्याची उधारी, किराणा दुकानदाराची वही (आपली नव्हं, त्याची वही, आपल्या घराचा हिशोब तोच ठेवतोय), पोराची हॉस्टेल फी. चार दिवसात खातं परत कोरडं. मग पुढच्या बिलापर्यंत उधारीवर. ताई म्हणतात आजीला कळत होतं. आजी वर्षाचं धान्य भरायची कारण तेव्हाच पैसा हातात असायचा, नंतर नसायचा म्हणून. त्यात शहाणपण थोडं नि नाइलाज जास्त.

सोसायटीचं कर्ज मुदतीत भरलं तर ३ लाखापर्यंत व्याज शून्य, हे ऐकायला गोड वाटतंय. भरायला पैसा नसतोय म्हणून दहा दिवसांसाठी कुणाकडनं तरी शेकड्यानं व्याजावर घ्यायचं, भरायचं, परत उचलायचं. नवं-जुनं म्हणतात त्याला. शून्य टक्क्याचं कर्ज असं पडतंय. तर वर्ष हे माप बरं आहे, पण ज्याचा पैसा वर्षातनं एकदाच येतोय त्याला विचारा महिन्याचा पगार म्हणजे काय सुख असतंय.

घरकारभारीण
आजीचं तुम्ही म्हणताय ते मी असं बघितलं नव्हतं. बरोबर आहे. आजोबांची शेतीच होती.

आणि स्पष्ट बोलणाऱ्या ताई, माझी ओळ नाहीये यादीत. आत्ता वाचून बघितलं. खरंच नाहीये.

आता जे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नाही ते लिहिते, ज्यावरून खरं भांडण झालं. मागच्या वर्षी अर्धवट का होईना मी हे करून बघितलं होतं. दिवाळीपासून मे पर्यंत वेगळ्या खात्यात ५२ हजार साठवले, फीसाठी आणि धान्यासाठी. मे अखेरीला धाकट्या दिरांना अचानक अ‍ॅडमिट करावं लागलं, हॉस्पिटलने डिपॉझिट मागितलं. घरात सगळ्यांना माहीत होतं की माझ्याकडे ५२ आहेत. कोणी मागितलेसुद्धा नाहीत, ह्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. दिले. दीर बरे झाले, छान आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण जूनची फी क्रेडिट कार्डवर गेली आणि पूर्ण बिल भरता आलं नाही. महिन्याला साडेतीन टक्के नि त्यावर परत १८ टक्के जीएसटी, ३४ हजारांवर पहिल्याच महिन्यात १,४०० रुपये नुसते व्याजाचे. पाच महिने लागले बाहेर पडायला. पैसे परत आले ते दिवाळीत, सुटे-सुटे, आणि सुटे आलेले पैसे सुटेच जातात. ह्यांचं म्हणणं साठवले नसतेस तर त्याला काय दिलं असतं, म्हणजे साठवलं ते चांगलंच झालं. माझं म्हणणं साठवले म्हणूनच आपल्याकडे आले सगळे, नाहीतर तिघा भावंडांनी वाटून घेतलं असतं.

ट्रेकर_अनलिमिटेड
सॉरी, मला हे माहीत नव्हतं. पण म्हणूनच इमर्जन्सी फंड वेगळा हवा ना, सहा महिन्यांचा.

मीटरडाऊन (नाशिक)
दादा, सहा महिन्यांचा जमवायला किती वर्षं लागतात ते पण सांगा.

ताई, म्हणून मी पिग्मी म्हणते. माझ्या नणंदेने मागच्या श्रावणात मागितले तर मी म्हटलं पिग्मीत आहेत, मुदतीआधी काढले की व्याज मिळत नाही आणि वर कापून घेतात. खरं तर कापतात फार थोडं. पण "कापतात" म्हटलं की माणूस पुढे बोलत नाही.

जमाखर्च१९८१
हे मात्र सोळा आणे खरं. मी म्हणूनच आरडी (दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची मुदतीची ठेव) सांगणार होतो. बचत खात्यातला पैसा सगळ्या नात्यागोत्याचा असतो, आरडीतला फक्त आपला. बारा महिन्यांची, जूनमध्ये मॅच्युअर होईल अशी एक, जानेवारीत होईल अशी एक. फीचा पैसा वेगळा, विम्याचा वेगळा. पण वही हवीच, हे माझं मत कायम. दिराला दिलेल्या ५२ हजारांची नोंद वहीत नसती तर सुटे-सुटे किती परत आले हे तुम्हालाही सांगता आलं नसतं.

घरकारभारीण
नोंद आहे काका. ४७ आले.

उसाचा_पाला (सांगली)
पाच हजारांसाठी नातं तोडू नका, पण दिराला येत्या गणपतीचा वाटा तेवढा द्यायला सांगा. सरळ वळतं होतंय.

स्पष्ट_बोलू_का
😀 हे सुचायला शेतकरीच लागतो.

घरकारभारीण
हे भारी आहे, आज रात्रीच ह्यांच्या कानावर घालते. तर तूर्तास दोन आरडी, जून आणि जानेवारी, आणि सासरी सांगायचं की मोडल्या तर "कापतात". रोजची वही आता मुलगा लिहिणार, आठवीत आहे, काकांच्या ६१ नोंदी त्याच्याच फोनवर निघतील बहुतेक. माझ्या ओळीचं अजून ठरलं नाही, ५०० लिहून खोडलेत, परत लिहिलेत.

एक अवांतर. धान्य यंदा उशिरा भरलं, ३० किलो कोलम आहे, पावसाळी हवेत टिकायला बोरिक पावडर किती लावायची? सासूबाई मूठभर म्हणतात, त्यांची मूठ बघितली तर वर्षभर तांदूळ धूतच बसावं लागेल.

मीटरडाऊन (नाशिक)
मूठ नको, तीन-चार चमचे पुष्कळ झाले. तांदूळ आधी पसरून कोरडा करा आणि शिजवताना तीन पाण्यांनी धुवा. गव्हाला एरंडेल लावलंय का पण?