शेळ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरलंय, जंताचं कोणतं औषध देऊ? (बजेट १५००)

दुधनाकाठ
राम राम मंडळी. सेलू तालुक्यातून लिहितोय. माझ्याकडं १४ उस्मानाबादी शेळ्या आहेत, त्यात ४ पाटी (अजून न व्यालेल्या तरण्या शेळ्या) आणि एक गाभण. पाऊस उघडल्यापासून लोअर दुधनाच्या बॅकवॉटरच्या कडंनी चरायल्यात. आठ दिवस झाले, दोघींच्या जबड्याखाली पिशवीवानी सूज आलीय. बोटानं दाबलं की खळगा पडतो न् हळूहळू भरतो. संध्याकाळी घरी आल्यावर जास्त दिसते, सकाळी कमी असते. चारा खायलेत पण कळपाच्या मागं राहायलेत. लेंडी घट्टच आहे, त्यामुळं मला जंत वाटत नाहीत, शेजारचे म्हणतेत जंतच.
दुसरं म्हणजे माझं धाकटं लेकरू ६ वर्षांचं आहे, रात्री मागं खाजवून रडतंय, दात खातंय. औषधाच्या दुकानावर एकजण म्हणला शेळ्याचंच औषध थोडं पाजा, आतलं औषध एकच असतंय. खरंय का?
तपासणी, औषध सगळं धरून १५०० च्या वर जमणार नाही, सोयाबीन अजून रानातच आहे. अनुभव असलेल्यांनी सांगा.

बोकड_बादशाह
भाऊ जास्त विचार करू नका. मी ६० जनावरं गोठ्यातच सांभाळतो, दर तीन महिन्याला आयव्हरमेक्टिन, एकाही जनावराला आठ वर्षांत काही झालं नाही. सगळ्याला एकदम टोचून टाका. आणि खरं सांगायचं तर जमिनीवरचा गोठा हेच मूळ दुखणं आहे, मी लाकडी पट्ट्यांचा माचाण गोठा केला, अडीच लाख गेले पण लेंडी खाली पडते, जनावर कोरडं राहतं. तेच करा.

मानवत_रोड
१५०० बजेट सांगितलंय त्यांनी, अडीच लाख कुठून आणतील.

गंगाखेडची_सुमन
दादा, हीच सूज आमच्याकडं दोन वर्षाखाली आली होती. आम्ही म्हणलं गळ्याची गाठ आहे, हळद लावली, शेक दिला. पाचव्या दिवशी शेळी गेली. डॉक्टरनी फाडून बघितली तर चौथ्या कोठ्यात लाल-पांढरे पीळ दिलेल्या दोऱ्यासारखे बारीक जंत, बोटाच्या पेराएवढे, हजारोनं, न् ते आतल्या कातडीला चिकटून होते. शेळीचं रक्त तर पाण्यासारखं पातळ, हाताला लागलं तरी लाल दिसंना. तेव्हापासून मी रोज डोळे बघते. खालची पापणी अंगठ्यानं खाली ओढायची, आतला भाग लालभडक असला तर चांगलं, पांढराफटक असला तर जंत रक्त पीत आहेत. तुम्ही आत्ता जाऊन १४ च्या १४ चे डोळे बघा, मग औषधाचं बोलू.

वसमतकर
लेंडीत तांदळाच्या दाण्यासारखं पांढरं पडतंय का? पडत असलं तर जंत, नसलं तर नाही. सोपं आहे. आमच्याकडं तसंच बघतेत.

परभणी_व्हेट_फायनल
वसमतकर दादा, तांदळासारखे दिसतात ते पट्टकृमीचे तुकडे. ते दिसायला भीतीदायक, पण मोठ्या शेळीला तेवढे मारत नाहीत. मारणारा जंत लेंडीत डोळ्याला दिसतच नाही, त्याची फक्त अंडी पडतात आणि एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते.
दुधनाकाठ दादा, लेंडी घट्ट आहे म्हणून जंत नाहीत असं समजू नका. सुमनताईंनी सांगितला तो हिमोंकस. तो जुलाब लावत नाही, सरळ रक्त पितो. रक्तासोबत प्रथिनं जातात, मग पाणी नसांमध्ये थांबत नाही, जबड्याखाली उतरतं. दिवसभर मान खाली घालून चरते म्हणून संध्याकाळी जास्त दिसतं.
पण तुमच्या शेळ्या पाण्याच्या कडंला चरतात, म्हणून चपट्या कृमीचाही, म्हणजे लिव्हरफ्लूकचाही, संशय घ्यावा लागतो. त्यातही हीच सूज येते. तो गोगलगायीतून येतो, पाण्याकाठच्या गवताला चिकटलेला असतो. बोकड बादशाह दादांचं आयव्हरमेक्टिन फ्लूकवर अजिबात चालत नाही. म्हणून आधी लेंडी तपासा. जमिनीवरची नको, हातात पिशवी घालून थेट आतून काढायची, त्याच दिवशी दवाखान्यात न्यायची. सुजलेल्या दोन, फिक्या दिसतात त्या एकदोन आणि एक धडधाकट, अशा चारपाच जणींची. फ्लूकची अंडी जड असतात, वर तरंगत नाहीत, त्यामुळं "पाण्यात बसवूनही बघा" असं सांगा. आमच्या परभणीच्या व्हेटरनरी कॉलेजात आणलं तरी होतं, सेलूहून पॅसेंजरनी येऊ शकता.

बोकड_बादशाह
मॅडम पुस्तकातलं वेगळं न् गोठ्यातलं वेगळं. आठ वर्षांत काही झालं नाही म्हणलं मी.

परभणी_व्हेट_फायनल
दादा, तुमच्या गोठ्यात पट्ट्या आहेत, जनावरं बाहेर चरत नाहीत, म्हणून जंत कमी. ते श्रेय गोठ्याला जातं. दर तीन महिन्याला तेच औषध सगळ्यांना दिलं तर जे जंत मरत नाहीत तेवढेच उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. दिल्यावर १४ दिवसांनी लेंडी तपासून बघा एकदा, अंडी किती कमी झाली ते कळेल.

कळंबचा_शेतकरी
औषध पाजताना एक सांगतो. मी शेळीची मान आभाळाकडं करून पाजलं, अर्धं श्वासनळीत गेलं, दोन दिवस धाप लागली न् मेली. औषध चांगलंच होतं, हात माझा चुकला. तोंड जमिनीला सरळ ठेवा, गालाच्या कोपऱ्यातून सिरिंज घाला, थोडंथोडं सोडा. आणि असल्या आजारी शेळ्या ठेवण्यात अर्थ नाही, बाजार दाखवा. गाभण तर आधी काढा, औषधही नीट देता येत नाही तिला.

मानवत_रोड
बरोबर आहे, गाभण विका. आणि डोळे बघा म्हणलं ना ताईंनी, तेच मी पण सांगणार होतो.

आबा_जिंतूर
जंतावरून आठवलं. आमच्या वडलांना नारू झाला होता. नव्या पोरांना नारू काय असतंय ते ठाव नसणार. पायाला फोड यायचा, फुटला की पांढऱ्या सुतळीवानी जंत बाहेर डोकवायचा, तो काडीला गुंडाळायचा, रोज एक-दोन वेढे. घाई केली न् तुटला की पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळायचा. पेरणीच्या दिवसात घरचा कर्ता खाटेवर. वडील सांगायचे सगळं त्या पायऱ्यांच्या बारवेच्या पाण्यानं, पाय बुडवून पाणी भरायचे लोक, फोडातून जंताची पिल्लं पाण्यात, ती पाण्यातल्या बारीक किड्याच्या पोटात, न् तेच पाणी परत प्यायला. मग पाणी दुहेरी फडक्यानं गाळायला शिकवलं, बारवेत उतरायचं बंद केलं, हापसे आले. नारूला औषध नव्हतं आणि आजही नाही, तरी गेला. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात झाला, २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. म्हणून म्हणतो, बाटलीच्या मागं लागण्याआधी जंत येतोय कुठून ती वाट बघा. तुमची वाट धरणाच्या काठाला आहे.

वसमतकर
आबा विषय शेळीचा चाललाय.

आबा_जिंतूर
शेळीचाच सांगायलो बाबा.

अंगणवाडी_ताई_पूर्णा
कोणीच लेकराचं बोललं नाही म्हणून लिहिते. दादा, हात जोडून सांगते, जनावराची बाटली लेकराला अजिबात नको. औषधाचं नाव एक असलं तरी बाटलीची ताकद वेगळी, तुम्हाला मोजता येणार नाही. लेकराला रात्री मागं खाज म्हणजे बहुतेक सुतासारखे बारीक पांढरे जंत, मादी रात्री बाहेर येऊन अंडी घालते म्हणून रात्रीच खाज. ते माणसाकडूनच माणसाला होतात, शेळीकडून नाही. दात खाणं जंतामुळंच असतं असं नाही हं, त्यावरून ठरवू नका. सकाळी उठल्याउठल्या धुवायच्या आधी बघा, दिसतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, गोळी मिळते. एकट्या लेकराला देऊन भागत नाही, डॉक्टर घरातल्या सगळ्यांना देतात न् दोन आठवड्यांनी परत. नखं बारीक कापा, चड्डी न् अंथरूण गरम पाण्यात धुवा. शाळेत जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची ४०० मिग्रॅची गोळी देतो, ती चावून खायला लावायची, त्या दिवशी घरी ठेवू नका पोराला. एक ते दोन वर्षाच्या बाळाला अर्धी असते.

वावडिंग_वैद्य_औंढा
गोळ्यांची काय गरज, वावडिंग मधात द्या. शेळ्यांना पळसपापडी वाटून पाजा, आमच्या घरात चार पिढ्या चाललंय.

गंगाखेडची_सुमन
काका, पळसपापडी आम्हीही दिली होती, त्याच शेळीला. पापणी पांढरी पडलेल्या जनावराकडं तेवढा वेळ नसतो. मी आत्ता लिहिताना पण मला ती डोळ्यापुढं दिसायली.

चारठाणा_९९
क्लोझँटेल आणा, लाल जंत न् फ्लूक दोन्हीला चालतं. पण वजन करून. आमच्या भावानी पाजलेल्या शेळीला मी परत पाजलं, दोघांचं बोलणंच झालं नव्हतं. तिसऱ्या दिवशी भिंतीला धडकायली, दोन्ही डोळे गेले. पाजलेलीच्या कपाळावर गेरूचा ठिपका लावत जा.

परभणी_व्हेट_फायनल
चारठाण्याच्या दादांचं खरं आहे, क्लोझँटेल जास्त झालं की नजर जाते. गाभणीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नको, तिच्यासाठी फेनबेंडाझोल जास्त सुरक्षित. फेनबेंडाझोलच्या बाटलीवर मेंढीचा डोस किलोला ५ मिग्रॅ लिहिलेला असतो, शेळीचं शरीर औषध लवकर निपटवतं, तिला १० लागतं, कमी दिलं तर जंत अर्धमेले राहून शिरजोर होतात. डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या. वजन अंदाजानं नको.
डोळ्यांचं सुमनताईंनी सांगितलं त्याचा दक्षिण आफ्रिकेत बनलेला पाच रंगांचा तक्ता आहे, 'फामाचा' नावाचा. चार आणि पाच नंबरच्या रंगाला औषध द्यायचंच, एक-दोनला नाही. बाकीच्यांना सोडणं म्हणजे निष्काळजीपणा नाही, त्यांच्या पोटात औषधाला मरणारे जंत शिल्लक राहतात आणि तेच पुढं आपल्या कामी येतात. मात्र पाण्याकाठची चराई बंद करा.
आणि एक, बोकड कापला की लिव्हर-फुप्फुसातल्या पाण्याच्या गाठी कुत्र्याला टाकू नका. कुत्र्याच्या पोटात त्याचा पट्टकृमी होतो, त्याची अंडी लेकरांच्या हाताला लागली की माणसाच्या लिव्हरमध्ये तशीच गाठ होते. जाळा किंवा खोल पुरा.

हिंगोली_राजू
माझ्या चुलत्याला तीच गाठ होती लिव्हरमध्ये, नारळाएवढी, संभाजीनगरला ऑपरेशन झालं. आम्ही समजत होतो ते दारूनं झालंय, माणूस आयुष्यभर दारूला शिवला नव्हता. घरात शिकारी कुत्रे होते.

कळंबचा_शेतकरी
सगळ्या १४ ला द्या, काहींना देऊन बाकीच्या सोडणं मला पटत नाही. खाजगी डॉक्टर बोलावला तर ८०० घेतो, त्यापेक्षा सगळ्याला एकदाच द्या.

मानवत_रोड
१९६२ नंबरला फोन करा, जनावरांच्या दवाखान्याची सरकारी गाडी येते.

दुधनाकाठ
सगळ्यांचे आभार, चार दिवस लिहायला जमलं नाही. काय केलं ते सांगतो.
डोळे बघितले. सुजलेल्या दोन, गाभण आणि दोन पाटी, पाच जणींच्या पापण्या पांढऱ्या. गाभणीची तर कागदावानी. त्या पाच आणि एक धडधाकट अशा सहा जणींच्या लेंड्या आतून काढून तालुक्याच्या दवाखान्यात नेल्या. परभणीला नाही गेलो, दिवस मोडला असता, काढणीचा गडी सांगून ठेवलाय. डॉक्टरनी तरंगवून बघितलं, मी म्हणलं म्हणून पाण्यात बसवूनही बघितलं. गोल जंताची अंडी भरपूर, फ्लूकची सापडली नाहीत. फेनबेंडाझोल लिहून दिलं, वजन काट्यावर करून पाच जणींनाच दिलं, मान सरळ ठेवून, गेरूचा ठिपका लावून. रक्तवाढीचं एक औषध दिलंय. एकूण ६४० रुपये गेले, जायचा यायचा खर्च धरून.
लेकराला पूर्णाच्या ताईंनी सांगितल्यासारखं सकाळी बघितलं, जंत दिसले. आरोग्य केंद्रातून घरच्या पाचही जणांना गोळी आणली, दुसरी गोळी कधी ती तारीख कॅलेंडरवर लिहिली.
आता दोन गोष्टी मी तुम्हा सगळ्यांच्या उलट करतोय, रागावू नका. गाभण विकणार नाही. ती माझ्या पोरीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलीय. दुसरं, बॅकवॉटरची चराई सोडू शकत नाही. माझं रान एक एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन, शेळ्या न्यायच्या कुठं. पण आता सकाळी सातला सोडत नाही, दव वाळल्यावर अकराला सोडतो, आणि पाण्याच्या गवतावर उतरू देत नाही, वरच्या बांधावरच्या बाभळी न् बोरीवरच ठेवतो, मी स्वतः काठी घेऊन बसतो. आबा, वाट बंद करता आली नाही, निदान त्या वाटेवर उभा राहिलोय.

परभणी_व्हेट_फायनल
दादा, विकू नका हे मीही म्हणते. चराईचं मात्र मनाला लागून राहिलंय, एकदा लेंडीत फ्लूक दिसला नाही म्हणजे नाहीच असं नसतं, लागण झाल्यावर अंडी पडायला दोन-तीन महिने जातात. दिवाळीनंतर परत तपासा. जंताची पिल्लं गवताच्या बुडाला चारपाच बोटं असतात, वरचा झाडपाला खाल्ला तर बराच फरक पडेल. आणि १४ दिवसांनी त्या पाच जणींची लेंडी न्या, विसरू नका.

बोकड_बादशाह
मी पण नेतो पाच जनावरांची. बघू मॅडम म्हणतात ते.

दुधनाकाठ
नेतो. आज सकाळी एकीच्या जबड्याखाली निम्मंच पाणी आहे, दुसरीचं तसंच आहे. गाभण आज कळपाच्या मधी चालत होती, मागं नव्हती. तिला सरकी ढेप रोज किती द्यावी, शेवटचा महिना लागलाय?

गंगाखेडची_सुमन
दादा, पाव किलोपासून सुरू करा, एकदम जास्त नको, पोट फुगतंय. सोबत तुरीची गुळी (मळणीचं भूस) चारा. आणि रोज पापणी बघत जा, मला रंग कळवा.