सातवीला माळावर न्यायचंय, दोन तासांत काय जमेल?

प्रश्न (खानापूरच्या बाई): पट ३६. शाळेमागं जांभ्याचा माळ, खाली भातशेतं. जोडून दोन तास मिळतात, ८० मिनिटं. नुसतं फिरवून आणलं की मुलं पांगतात आणि पालक विचारतात, पोर्शन कधी संपणार?

बांधावरचा मास्तर: जमतंय की. सहा-सहाचे सहा गट करा. प्रत्येक गटानं मीटरभर बाजूचा चौकोन आखून त्यातली झाडं मोजायची. त्यासाठी गटाला सव्वाचार मीटर सुतळी. दर मीटरला गाठ मारून टोकं जोडा आणि चार गाठींना चार खुंट्या लावा. चौकोन हमखास तिरका होतो, म्हणून दोन्ही कर्ण मोजायला लावा. १४१ सेंमी भरले की काटकोन बरोबर. जागा मात्र मुलांना निवडू देऊ नका. ती फुलं दिसतील तिथंच बसतात आणि मोजणी फसते. पाठ करून चप्पल मागं फेकायची, पडेल तिथं चौकोन. तीन गट झाडाखाली, तीन उघड्यावर. झाडांची नावं येत नसली तरी अडत नाही. पानाची कड कातरलेली की सरळ, लव आहे की गुळगुळीत, यावरून प्रकार वेगळे करून मोजायचे. सावलीत नि उन्हात किती फरक पडला, ते मुलं स्वतः सांगतात. पालकांना ती वही दाखवा.

तांबडी माती: जोडीला मातीही घ्या. तुमची तांबडी आहेच, निपाणीकडची काळी थोडी मागवा. सरळ उभ्या बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर. पाच मिनिटं जोरात हलवून ठेवा. मिनिटभरात बसते ती वाळू, लगेच खूण करा. घड्याळी दोन तासांनी पोयट्याची, म्हणजे वाळूहून बारीक गाळाची खूण. चिकणमातीला एक-दोन दिवस लागतात, तोवर बाटली हलवायची नाही. ढेकळं आधी वाळवून बारीक कुटली नाहीत तर ती तशीच तळाला बसतात आणि काळी मातीही वाळूची वाटते. बहुतेकांचं इथंच चुकतं.

जांबोटीकर: हिवाळ्यात खाजकुयलीच्या वाळल्या शेंगांपासून लांब राहा. कूस लागली तर चोळू नका, चिकटपट्टीनं उचला, मग धुवा. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नका. आणि पालकांना हेही सांगा: दिवसाउजेडी बाहेर वेळ घालवणाऱ्या मुलांना लांबचं न दिसण्याचा चष्मा कमी लागतो.

खानापूरच्या बाई: पाहुण्यांकडून काळी माती मागवते. सुतळ्या मुलांकडूनच मोजून घेऊ का?

बांधावरचा मास्तर: आदल्या दिवशी वर्गातच. माळावर गाठी मारत बसलात तर अर्धा तास तिथंच जातो.