मदत हवी आहे : कुरुमानच्या मिशनघरातील संसाराविषयी

नमस्कार. दक्षिण आफ्रिकेतील कुरुमान येथे मिशनरी रॉबर्ट मॉफट यांनी बायबलचे सेत्स्वाना या तिथल्या भाषेत भाषांतर केले आणि त्यातील नवा करार १८४० मध्ये छापला गेला, हे सर्वत्र नोंदलेले आहे. मला मात्र त्यांच्या पत्नी मेरी यांनी त्या कोरड्या मुलखात मुलाबाळांचा संसार कसा चालवला, हे समजून घ्यायचे आहे. घरातील जमिनी आठवड्यातून एकदा तरी शेणाने सारवतो, असे त्यांनी पत्रात लिहिले होते, आणि एवढ्या एका तपशिलानेही ते घर मराठी वाचकाला आपलेसे वाटेल. १८४२ पासूनच्या ‘ज्ञानोदय’ या मराठी ख्रिस्ती नियतकालिकाच्या जुन्या अंकांत अशा कुटुंबांविषयी काही आले असल्यास, किंवा मेरीबाईंची पत्रे आपल्याकडे कोणत्या ग्रंथालयात वाचता येतील हे ठाऊक असल्यास, कृपया कळवावे.