योगशास्त्राची पदवी: कापूस वेचणाऱ्या पाठीला तिचा उपयोग काय?

(टोपणनावांनी लिहिणाऱ्यांची चर्चा)

धुरा (दर्यापूर तालुका)

माझ्या पुतणीने बारावीनंतर योगशास्त्राची पदवी घ्यायचे ठरवले आहे. रामटेकच्या कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठात हे शिक्षण मिळते. घरात त्यावरून दोन तट पडले आहेत. थोरल्या भावाचे म्हणणे असे की, जे मारोतीच्या पारावर फुकट शिकता येते त्यासाठी पोरीची तीन वर्षे आणि घरचा पैसा का घालवायचा? मी पुतणीच्या बाजूने आहे. त्याचे कारण गेल्या हंगामात आमच्याच गावात घडले.

वेचणी ऐन भरात असताना गावात योगाचे शिबिर झाले. दिवसभर कमरेत वाकून, पोटाशी कापसाची ओटी बांधून वेचणी केलेल्या बायकांना शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी पश्चिमोत्तानासन करायला लावले, म्हणजे जी पाठ आठ तास पुढे वाकलेली होती तिलाच आणखी पुढे वाकवले. त्यातल्या एकीची कळ कमरेतून पायात उतरत असे. ती पुढचे तीन दिवस अंथरुणातून उठू शकली नाही. तिला मकरासनात, म्हणजे पालथे, निवांत पडू द्यायला हवे होते, आणि कळ पायात उतरते म्हटल्यावर आधी डॉक्टरांकडे पाठवायला हवे होते. शिकवणारा मनाने चांगला होता. पण कोणते आसन कोणाला देऊ नये, हे त्याला कोणी शिकवलेलेच नव्हते. ते शिकायला शरीररचना आणि शरीरक्रिया वाचावी लागते, आजारी माणसे जवळून पाहावी लागतात, आणि एवढे सगळे महिनाभराच्या प्रमाणपत्रात मावत नाही.

पऱ्हाटी (आर्णी)

ताई, तुमच्या गावात जे झाले ते वाईटच झाले, पण त्यावरून पदवी घ्यावी असे ठरत नाही. ही पदवी घेतलेल्या मुलीला पोट भरण्याइतके कोण देणार, हे आधी सांगा. आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, योगप्रशिक्षकांना काम मिळते. तिथे पुरुषाला महिन्याला ३२ सत्रांचे ८,००० रुपये आणि स्त्रीला २० सत्रांचे ५,००० रुपये असे मानधन ठरलेले आहे, म्हणजे एका सत्राचे २५० रुपये. गाव ते केंद्र जाण्यायेण्याचा खर्च त्यातूनच करायचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१७ पासून नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेत योग हा विषय घेतला, हे खरे आहे. परंतु त्यासाठी पुढे एम.ए. करावे लागते, आणि त्यानंतर महाविद्यालयात जागा निघण्याची वाट पाहावी लागते. कोरडवाहू पाच एकरांच्या घराला इतकी वाट पाहणे झेपत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, विदर्भात योग विकत घेण्याची रीत नाही. नागपुरात जनार्दनस्वामींनी १९५१ साली योगाभ्यासी मंडळ काढले आणि लोकांना विनामूल्य योग शिकवला. ज्या भागात योग सेवा म्हणून रुजला, तिथे तोच पोटापाण्याचा धंदा होऊ शकेल असे मला वाटत नाही.

उपकेंद्र (धानोरा, जि. गडचिरोली)

मी आरोग्यसेविका आहे, म्हणून एवढेच सांगते. आमच्या भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत. या आजारात शरीराला ऑक्सिजन किंवा पाणी कमी पडले की लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. अशा मुलाला उन्हात, पाणी न देता सूर्यनमस्कारांची आवर्तने करायला लावणे किंवा प्राणायामात श्वास फार वेळ रोखून धरायला सांगणे धोक्याचे आहे. गरोदर बाईने किंवा हर्निया असलेल्या माणसाने कपालभाती करू नये, हेही शिबिरांत क्वचितच सांगितले जाते. पदवीच्या मुलांनी काही महिने ग्रामीण रुग्णालयात काढावेत, असे मला मनापासून वाटते; नुसती सूत्रे पाठ करून आलेली मुलगी आमच्या कामाची नाही.

काळी माती (केळापूर)

माझी हरकत पैशाबद्दल नाही, योगाबरोबर नेहमी ऐकू येणाऱ्या ‘निरामयता’ (तनामनाने निरोगी असणे) या शब्दाबद्दल आहे. कापसाला खर्चाइतकाही भाव मिळाला नाही, सावकार दारात उभा आहे, आणि अशा माणसाला आपण श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतो, तेव्हा त्याच्या दुःखाचे कारण बाजारातून उचलून त्याच्याच मनात नेऊन ठेवतो. यवतमाळ जिल्ह्यात आम्ही पुरेशी घरे उघडी पडलेली पाहिली आहेत. विद्यापीठांना माणसाचे सुख शिकवायचे असेल, तर त्यांनी पीकविमा, कर्ज आणि दारू हे विषयही त्याच अभ्यासक्रमात घ्यावेत. नाहीतर ही पदवी शहरातल्या पोटभरल्या माणसांसाठी आहे, असे स्पष्ट सांगावे.

धुरा

काळी माती भाऊ, तुमचे म्हणणे मी पूर्ण मान्य करते. आसनांनी कर्ज फिटत नाही. पण रोज पहाटे त्याच वीस माणसांसमोर उभ्या राहणाऱ्या बाईला, त्यातला एक माणूस चार दिवस आला नाही, हे सगळ्यांत आधी कळते. त्याच्या घरी जाऊन काय विचारावे, आणि टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या बायकोच्या हाती कधी द्यावा, हे तिला शिकवलेले असले, तर तिचे काम आसनांच्या पलीकडे जाते. कर्ज आणि दारू अभ्यासक्रमात असावी, ही तुमची सूचना मी पुतणीला कळवली आहे.

पऱ्हाटी भाऊ, सेवेची परंपरा मलाही पूज्य आहे. पण स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले ते योगाच्या क्रियांनी शरीरात काय घडते हे उपकरणांनी तपासण्यासाठीच, आणि आपल्या अमरावतीत १९१४ पासून उभे असलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आखाड्यातून वाढत जाऊन शारीरिक शिक्षणाची पदवी देऊ लागले. म्हणजे व्यायाम हा अभ्यासाचा विषय आहे, हे आपल्याकडे जुनेच आहे. मानधनाबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून पदवीबरोबर तिने शिवणकाम सोडू नये, असे आम्ही घरात ठरवले आहे.

पऱ्हाटी

माझे मत बदललेले नाही. अडीचशे रुपयांसाठी तीन वर्षे द्यावीत, असे मी कोणत्याही बापाला सांगणार नाही. तरीही तुमची पुतणी शिकायला गेलीच, तर दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तिला आमच्या गावी पाठवा. राहण्याजेवण्याची सोय माझ्या घरी होईल. वर्ग पहाटे ठेवू नका. पहाटे बायकांना पाणी भरायचे असते आणि डबे करायचे असतात, त्यामुळे आजवरच्या प्रत्येक शिबिरात फक्त पुरुषच आले. दिवेलागणीनंतर, जेवणाआधी अर्धा तास शाळेच्या वऱ्हांड्यात ठेवा. माझी बायको म्हणते की, ती स्वतः येईल आणि शेजारच्या चौघींना घेऊन येईल.